मिठाची बरणी आणि झिंकची बाटली

कार्ले, आषाढ

चि. सौ. मुक्ता,

परवा तुझ्या ओट्यावर ते गुलाबी मीठ दिसलं आणि शेजारी झिंकच्या गोळ्यांची बाटली. पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. पण बाळाचा विचार चालू आहे असं वहिनी म्हणाली, म्हणून लिहायला बसले.

आधी मीठ. सैंधवात आयोडीन नसल्यातच जमा. उपासाला खुशाल खा, रोजच्या आमटीत मात्र साधं आयोडीनयुक्तच घाल. एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदरपणी जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते. सुरुवातीचे महिने पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉइडच्या भरवशावर वाढतो. आयोडीन कमी पडून होणारा गलगंड निदान डोळ्यांना दिसतो, मेंदूचं नुकसान दिसत नाही. १९६२ साली सरकारने गलगंडाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हे दुखणं हिमालयाच्या पट्ट्यातलं समजत. पुढे ते देशभर सापडलं आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आली. सैंधव तेवढं फॅशनच्या दाराने आत आलं.

नोकरीत असताना आम्ही घरोघर चिमूटभर मीठ बशीत घेऊन त्यावर किटमधल्या द्रावणाचा थेंब टाकत असू. गडद जांभळं झालं की ठीक. चुलीशेजारी उघडं ठेवलेलं मीठ फिकट पडायचं, खडेमीठ तर पांढरंच राहायचं. तेव्हा बरणीचं झाकण घट्ट लाव, ती शेगडीपासून लांब ठेव आणि मीठ भाजी शिजत आल्यावर घाल.

आता झिंक, म्हणजे जस्त. माणसाला ते कमी पडू शकतं, हे आपल्या बिहारच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी दाखवून दिलं. १९५८ मध्ये इराणात त्यांना विशीची पोरं दहा वर्षांची दिसावीत अशी खुरटलेली आढळली. जेवणात मुख्यतः बिनखमिराची रोटी. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते जस्त आणि लोह धरून ठेवतं आणि आतड्याला घेऊ देत नाही. म्हणून भाकरी सोडू नकोस, तिच्या जोडीला मोड आलेली मटकी ठेव, अधूनमधून आंबवलेलं धिरडं कर. भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने फायटेट कमी होतं. आपल्या आज्यांनी हे चवीसाठी केलं असेल, फायदा व्हायचा तो झालाच.

तुझ्या बाटलीवर गोळीमागे ५० मिलिग्रॅम लिहिलंय. आपल्याकडे बाईला दिवसाला तेरा-एक मिलिग्रॅम सांगतात, आणि चाळीसच्या वर रोज घेत गेलं तर तांबं अंगी लागत नाही. कुणी डॉक्टरने दिली असेल तर त्यांना विचार, फोनवर बघून मागवली असशील तर बंद कर.

तुझ्या चहाचं काय करावं कळत नाही! जेवल्याजेवल्या चहा घेशील तर पालेभाजीतलं लोह वाया. तासभर थांब. पालेभाजीतलं लोह तसंही हट्टी, त्यावर लिंबू पिळलंस की बरंचसं वळतं. सुकटीतलं त्या मानाने सहज लागतं, शिवाय तिच्यात आयोडीन आणि जस्तही असतं. सुकट भाजायची तर खिडक्या उघड, शेजारी बोलतील. पुढे लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू झाली की दोन्ही एकदम घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ देत. फॉलिक अ‍ॅसिडचं मात्र डॉक्टरांना आत्ताच विचार, ते दिवस जाण्याआधीपासून लागतं.

पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचं खाणं नोंदवलं. किती उष्मांक पोटात गेले यापेक्षा पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली, याच्याशी बाळाच्या वजनाचं नातं जास्त दिसलं. मग मुंबईच्या वस्त्यांत पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ बायकांना देऊन पाहिला. सरसकट फरक पडला नाही, पण दिवस जाण्याआधी निदान तीन महिने ज्यांना तो मिळाला होता त्यांची बाळं थोडी वजनदार निघाली. म्हणून घाई करतेय.

इकडे टाकळा, कुर्डू, भारंगी निघालीय. शनिवारी सकाळी मळवलीहून लोकलने दादा येतोय, त्याच्याकडे जुडी देते आणि हातसडीचा इंद्रायणी तांदूळ. भारंगी उकडून पाणी टाकून दे, नाहीतर कडू लागेल. पिशवी परत पाठव.

तुझी,
आत्या