चिपेवरील लेखाचें वाचन

आपल्या जिल्ह्यांत, ज्याचें नांव सन २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, निजामशाही अमदानींतलें एखादें तांब्याचें नाणें सांपडलें, तर जाणता मनुष्य प्रथम त्याचें वजन करीत नाहीं. तो त्यावरील टांकसाळीचें नांव व हिजरी सन वाचूं लागतो. जुन्या संगणकांतून निघालेल्या प्रोसेसराचेंहि असेंच आहे. भंगारवाला तो तागडींत टाकतो. वाचणाऱ्यास मात्र त्याच्या पाठीवर कूळ, वय व कुवत हीं लिहिलेलीं आढळतात.

वाचण्यापूर्वीं यंत्राची वीज तोडावी व हात पेटीच्या धातूस लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाते. चिप कोरड्या फडक्यानें पुसावी आणि प्रकाश तिरपा पाडून भिंगांतून पाहावें. स्पिरिटानें घांसण्याची घाई करूं नये. कित्येक चिपांवरील अक्षरें केवळ शाईचीं असतात, आणि एकदां गेलीं कीं गेलीं.

समजा, चौकोनी करड्या पाठीवर रोमन लिपींत 'ए८०४८६डीएक्स२-६६' असें लिहिलें आहे. 'ए' हें अक्षर वेष्टनाचें: चिनी मातीचा चौकोन व खालीं टांचण्यांसारख्या पिनांच्या रांगा. 'डी' असतें तर दोन्ही बाजूंस पायांची ओळ असलेली चिनी मातीची लांबट चिप. 'पी' असतें तर तशीच प्लास्टिकची. ८०४८६ हें कुळाचें नांव. इंटेल कंपनीनें तें सन १९८९ मध्यें बाजारांत आणिलें. 'डीएक्स' म्हणजे अपूर्णांकांचें गणित करणारा भाग आंतच आहे. 'एसएक्स' चिपेंत त्याचा उपयोग होत नाहीं. पुढील '२' म्हणजे बाहेरच्या ठोक्याच्या दुप्पट गति, आणि ६६ म्हणजे सेकंदास सुमारें सहा कोटि साठ लक्ष ठोके.

खरी फसगत सालांत होते. चिपेवर मालकीहक्काच्या खुणेपुढें १९८९ असें छापलेलें पाहून पुष्कळ जण तोच तिचा जन्म मानतात. तें साल आराखड्याचें. घडणीचा काल निराळ्या ओळींत असतो. ती ओळ 'एल४२३' अशी सुरू होत असेल, तर पहिलें अक्षर कारखान्याचें, ४ हा वर्षाचा शेवटचा अंक व २३ हा आठवडा. वर्ष १९८४ असूं शकत नाहीं, कारण तेव्हां हें कूळ जन्मासच आलें नव्हतें. २००४ च्या फार आधीं तें घरगुती यंत्रांतून गेलें होतें. तेव्हां सन १९९४ चा जून महिना निश्चित होतो.

इतर पुष्कळ कंपन्या चार अंकी तारीख घालतात: आधीं वर्षाचे दोन अंक, मग आठवड्याचे दोन. आतां एका चिपेवर ८०४८ आणि ८१३० असे दोन आंकडे आहेत, तारीख कोणती? दोन्ही तारखा शोभतात. परंतु ८०४८ ही इंटेलची प्रसिद्ध चिप आहे, म्हणून तारीख ८१३०, म्हणजे १९८१ चा जुलै. ८०८५ विषयीं असा संशय येणारच नाहीं. वर्षास पंचायशीं आठवडे नसतात.

या वाचनावर केवळ हौस अवलंबून नाहीं. १९८५ सालीं निघालेल्या ८०३८६ च्या आरंभींच्या कांहीं चिपा बत्तीस अंकी द्विमान संख्यांच्या गुणाकारांत चुकतात, असें १९८७ मध्यें उघडकीस आलें. कंपनीनें तपासून निर्दोष ठरलेल्यांवर ग्रीक 'सिग्मा' अक्षर दोनदां छापिलें, आणि सदोष निघालेल्यांवर 'फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठीं' अशा अर्थाचा इंग्रजी शेरा मारिला. त्या काळची जी चिप या दोहोंपैकीं कोणतीच खूण दाखवीत नाहीं, तिच्या गुणाकारावर भरंवसा ठेवूं नये.

लेख खोटाहि असूं शकतो. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं लबाड व्यापारी चिपेची पाठ घांसून अधिक गतीचा आंकडा छापीत. अशी चिप फार तापे व यंत्र मध्येंच अडे. म्हणून जेथें दोन्ही बाजूंस लेख असेल, तेथें ते एकमेकांशीं ताडून पाहावेत.

पालकांस एक विनंति. अशा चिपांतील सोन्याचा पातळ मुलामा काढण्यासाठीं कांहीं मुलें घरीं तीव्र आम्लें वापरूं पाहतात. त्यांतून निघणारे धूर फुप्फुसें जाळतात, आणि मिळणारें सोनें आम्लाच्या खर्चासहि पुरत नाहीं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. निरुपयोगी माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावा.

आपल्याच महाराष्ट्रांतील एक चिप मात्र तागडींत जाऊं देऊं नका. अमेरिकेनें क्रे महासंगणक देण्याचें नाकारल्यावर १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें 'परम ८०००' सिद्ध केला. त्यांत इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर एकत्र राबत. त्यांची खूण 'आयएमएस टी८००' अशी. पुढें 'जी२०एस' दिसलें, तर 'जी' म्हणजे पिनांच्या रांगांचा चिनी मातीचा चौकोन आणि २० म्हणजे सेकंदास दोन कोटि ठोके.