पोलो ट्रॅकवर न्यायचीय, घरच्या घरी काय करता येईल?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ ची पोलो जीटी टीडीआय आहे. येत्या जानेवारीत ती चेन्नईच्या ट्रॅकवर पळवायची फार इच्छा आहे. मित्र म्हणतात, आधी रिमॅप कर, एक्झॉस्ट बदल. तेवढा खर्च झेपणार नाही. अंगणात, स्वतःच्या हातानं करण्यासारखं काही आहे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : भरपूर आहे. रिमॅपचा विचार मात्र तूर्त सोडा. पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्याला १०५ अश्वशक्ती पुरून उरते. रोजच्या वापरातली गाडी तिथं ताकदीअभावी अडत नाही. ब्रेक तापतात, टायर पकड सोडतात, इंजिनाचं तापमान चढतं आणि गाडी बाजूला घ्यावी लागते. इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचं, १२ वळणांचं आहे. शहरात आठवडाभर लागत नाहीत इतके करकचून ब्रेक तिथं काही फेऱ्यांत लागतात. म्हणून पहिला रुपया ब्रेकवर.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्याची हीच हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. काहीशे रुपयांचं सीलबंद डॉट ४ आणा, एक पारदर्शक नळी, एक बाटली आणि पेडलवर बसायला एक माणूस घ्या. गाडी जॅकवर सोडू नका, खाली स्टँड लावा. कंपनीच्या पुस्तकातल्या क्रमानं एकेक चाक घ्या. बसलेल्यानं पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल सैल करायचं, नळीतून चहाच्या रंगाचं जुनं ऑइल येईल, निपल घट्ट झाल्यावरच त्यानं पाय उचलायचा. नळीत स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल दिसेपर्यंत हेच. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरेल. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. पहिल्यांदा करताना एखादा जाणता मेकॅनिक शेजारी हवाच. पुढचे पॅडही जास्त उष्णता सोसणारे बसवा. पण निव्वळ रेसिंगचे नकोत, ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि याच गाडीनं तुम्हाला घरी यायचंय.

टायरसाठी स्वतःचा प्रेशर गेज आणि एक खडू पुरे. टायर थंड असताना हवा मोजून लिहून ठेवा. टायरच्या खांद्यापासून बाजूच्या भिंतीवर उभी खडूची रेघ ओढा. काही फेऱ्यांनंतर रेघ भिंतीवर खूप खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर वळणात लोळतोय, हवा कमी आहे. खांद्यावरचीच रेघ शाबूत असेल तर हवा जास्त आहे. तापल्यावर हवेचा दाब बराच वाढतो, म्हणून पिटमध्ये आल्या आल्या पुन्हा मोजायचं. या खडूनं जेवढं शिकायला मिळतं तेवढं महागड्या अलॉय व्हीलनं मिळत नाही.

आता आपल्याकडची खास गोष्ट. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुमच्या दारापर्यंत आहे. बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये कधीही टाकू नका; क्षार आत बसतात, धातू खातात. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीनं सांगितलेलं कूलंट, एवढंच. कापसाच्या दिवसांत रुईचे तंतू आणि धूळ जाळीत अडकतात. मऊ ब्रश आणि पाण्याच्या हलक्या धारेनं इंजिनाच्या बाजूनं बाहेर धुवा. जोराच्या प्रेशरनं पत्र्या वाकतात. कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या बाजूच्या फटी उष्णता सोसणाऱ्या फोमच्या पट्टीनं बुजवल्या की हवा वळसा घालून निसटत नाही, जाळीतूनच जाते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हाही या मेहनतीचा उपयोग होईल.

वजन कमी करणं तर फुकट आहे. तळेगाव दशासरच्या शंकरपटात कुणी शेणखताची बैलगाडी जुंपत नाही. ट्रॅकवर पोचल्यावर स्टेपनी, जॅक, मागची ट्रे, पाण्याच्या बाटल्या सगळं उतरवा. सुटी बाटली पेडलखाली आली तर काय होईल, हे सांगायला नको. सीटबेल्ट, एअरबॅग, बंपरच्या आतला लोखंडी आडवा भाग यांना हात लावायचा नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीजमध्ये नोंद झाली. रस्ता गुळगुळीत आहे, म्हणून केलेले बदल तिथं ‘तपासून’ पाहू नका. त्या रस्त्यावर रात्री दिवे नसलेले ट्रॅक्टर आणि पायी घरी जाणारे मजूर असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. कलम ५२ मुळे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलही चालत नाहीत.

ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश, ब्रेक जवळपास न वापरता मारा, म्हणजे सगळं थंड होईल. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. चेन्नईहून अकोला हजार किलोमीटरच्या वर आहे. निघण्याआधी स्टेपनी परत चढवा, पॅडची जाडी पाहा, टायर गार झाल्यावर हवा रस्त्याच्या मापानं भरा आणि चाकांचे नट टॉर्क पान्यानं एकदा तपासा.