‘कशावरून?’ : शिल्प व चित्र पाहून बोलावयास शिकविणे

चित्रकलेच्या तासाला आपण मुलांच्या हाताला वळण लावतो, डोळ्याला लावीत नाही. फळ्यावर आंबा किंवा तांब्या काढून द्यावयाचा, मुलांनी तो वहीत उतरवावयाचा आणि घंटा होण्यापूर्वी वह्यांवर सह्या करावयाच्या, हा पुष्कळ शाळांतील परिपाठ होय. मीही तो अनेक वर्षे चालविला. त्यात वाईट काही नाही. परंतु एखादे चित्र किंवा कोरीव दगड समोर असता त्याकडे कसे पाहावे, पाहिलेले शब्दांत कसे मांडावे आणि दुसऱ्याचे मत निराळे पडल्यास त्याच्याशी कसे बोलावे, हे त्या तासात कोठेच येत नाही. भाषेच्या धड्याचे आकलन आपण कसून तपासतो. चित्राचे आकलन मात्र ‘छान आहे’ एवढ्यावर सोडून देतो.

यावर शिक्षकबंधुभगिनींचे नेहमीचे उत्तर असे, की खेड्यातील शाळेत चित्रे आणावयाची कोठून? औंधच्या संग्रहालयाची सहल निघाली तर उत्तमच. पण ती वर्षातून एकदा, आणि तीही साऱ्यांना परवडते असे नाही. मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकाने ही अडचण सांगू नये. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि तेथेच तीनशेहून अधिक मुखे कोरलेले शिवलिंग आहे. माळशिरस तालुक्यात वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. एवढे लांब जावयाचे नसेल तर आपल्या गावच्या मारुतीच्या पाराशी किंवा वेशीजवळ जाऊन पाहावे. पुष्कळ गावांत तेथे एखादा वीरगळ उभा, आडवा किंवा निम्मा मातीत रुतलेला सापडतो. मुले त्यावर बसून चिंचा खातात. त्यावर काय कोरले आहे, हे मात्र त्यांना कोणी विचारलेले नसते.

या लेखात मुख्यतः वीरगळाचाच पाठ सांगतो, कारण तो मी स्वतः निरनिराळ्या वर्गांवर घेतला आहे आणि पहिल्या खेपेस पुरता बिघडविला आहे.

तो बिघडला असा. मी पाचवीच्या वर्गाला दगडासमोर उभे केले आणि लागलीच सांगावयास सुरुवात केली : हा वीरगळ होय, वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, खाली युद्ध, मध्ये अप्सरा वीरास स्वर्गास नेत आहेत, वर तो शिवाची पूजा करीत आहे. दहा मिनिटांत सर्व माहिती संपली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. दगडाकडे कोणी फारसे पाहिलेही नाही. पाहण्यासारखे मी काही शिल्लकच ठेवले नव्हते. परतीच्या वाटेवर एका मेंढपाळाच्या मुलाने मला विचारले, “गुरुजी, खाली गाया हायत्या, त्या कशापायी?” गाई मी पाहिल्याच नव्हत्या. पुस्तकातील सर्वसाधारण वीरगळ मला पाठ होता. समोरचा वीरगळ मी वाचला नव्हता.

पुढच्या वेळी क्रम उलटा केला. आधी दगडाची वेळ साधली. कोरीव काम पाहावयाचे ते तिरप्या उन्हात. डोक्यावर ऊन आले की उठावाच्या सावल्या नाहीशा होतात आणि दगड सपाट दिसू लागतो. सकाळी किंवा सायंकाळी किरण आडवे पडले की पुसट झालेली बोटेदेखील उमटून येतात. दगडाचे तोंड कोणत्या दिशेस आहे हे आदल्या दिवशी पाहून वेळ ठरवावी. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू फासू नये, शेंदूर किंवा रंगाचे थर खरवडू नयेत, तेल ओतू नये. एका वेळी आठ-दहांहून अधिक मुले नेऊ नयेत. मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात.

त्यानंतर पहिली दहा मिनिटे शिक्षकाने केवळ एकच प्रश्न विचारावा : “काय दिसते?” काय वाटते हे नव्हे, दगडाला काय म्हणतात हेही नव्हे. या दहा मिनिटांत ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘देव’ या तीन शब्दांना बंदी घालावी. पहिल्या दोन शब्दांनी पाहणे थांबते. तिसऱ्याने तर मुले हात जोडून मोकळी होतात. मुलांनी जे दिसेल ते सांगावे. माणूस आहे. त्याच्या हातात काहीतरी लांबट आहे. एक माणूस आडवा आहे. दोन बायका आहेत. वरच्या टोकाला गोल आहे आणि शेजारी कोयत्यासारखे काही आहे. (तो चंद्र. ‘चंद्र’ म्हणावयाची घाई आपण करू नये. ‘कोयता’ हे उत्तर आकाराच्या दृष्टीने अचूक आहे.)

मग दुसरा प्रश्न, आणि हाच या सर्व पाठाचा कणा होय : “कशावरून?” मूल म्हणाले, “हा मेला आहे,” की विचारावे, कशावरून? माझ्या वर्गात यावर चांगलाच वाद झाला. एक मुलगी म्हणाली, “निजलाय त्यो.” दुसरा म्हणाला, निजलेल्या माणसाच्या अंगावरून घोडा कसा जाईल? तिसऱ्याने दाखविले, की आडव्या माणसाच्या हातात शस्त्र नाही, वरच्याच्या हातात आहे. मुलीने आपले मत बदलले. पण मी सांगितले म्हणून नव्हे, दगडाने सांगितले म्हणून. शिक्षकाने येथे निवाडा देण्याचा मोह आवरावा. ज्याच्या विधानाला दगडावर बोट ठेवता येते त्याचे विधान उभे राहते; ज्याला बोट ठेवता येत नाही त्याचे खाली बसते. हा न्याय मुलांना फार लवकर पटतो, आणि मग ती एकमेकांस ‘कशावरून?’ विचारू लागतात. तसे झाले की शिक्षकाने अर्धे पाऊल मागे सरकावे.

वीरगळाचे वाचन खालून वर करावयाचे असते. हेही आधी सांगू नये. चौकटी किती हे मोजू द्यावे, नंतर विचारावे की गोष्ट कोठून सुरू होत असेल. पुस्तकाच्या सवयीने मुले वरून सुरुवात करतात : माणूस शिवलिंगापुढे बसला आहे, मग बायका त्याला नेत आहेत, मग लढाई, मग तो मेला. ही गोष्टही वरवर जुळते, म्हणून तिची गंमत आहे. तेव्हा विचारावे, की मधल्या चौकटीतील बायका वर तरंगत आहेत की जमिनीवर उभ्या आहेत? त्यांचे पाय कोणत्या बाजूस आहेत? त्या कोठे निघाल्या आहेत? हळूहळू गोष्टीचे तोंड फिरते. खाली मरण, मध्ये प्रवास, वर पूजा, आणि सर्वांच्या माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेतो ही कीर्ती राहो. हे शेवटचे मात्र शिक्षकानेच सांगावे लागते. संकेताचा अर्थ नुसत्या निरीक्षणाने कळत नाही, तो परंपरेकडून घ्यावा लागतो. आणि कोणती गोष्ट दिसली व कोणती सांगितली, हा भेदही मुलांना कळला पाहिजे.

गाईंचे तसेच. तळाच्या चौकटीत गाई असल्या तर तो वीर गावाचे गोधन सोडविताना पडला असे समजतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर गाईंच्या जागी जहाजे आहेत, कारण ते वीर समुद्रावरील लढाईत पडले. हे सांगताच एका मुलाने विचारले, “मग आपल्याकडं गाया, तिकडं जहाजं. ज्याच्यापायी मेला ते खाली काढत्यात व्हय?” याहून चांगले अनुमान मी मोठ्यांकडूनही क्वचित ऐकले आहे.

आणखी एक निरीक्षण बहुतेक वर्गांत निघते : वीर घोड्याएवढा उंच आणि शत्रू त्याच्या कमरेइतके. “कारागिराला माप जमले नाही,” असे मुले म्हणतात. हे लगेच खोडू नये. इतर चौकटींत माप जमले आहे का, ते पाहावयास लावावे. तेथे जमले असेल तर येथे मुद्दाम मोडले असले पाहिजे. मोठा तो महत्त्वाचा, ही रीत मुलांच्या परिचयाची आहेच. सिनेमाच्या फलकावर नायकाचे डोके केवढे असते आणि खलनायकाचे केवढे, हे त्यांना विचारावे.

सिनेमाच्या फलकांवरून आपल्या जिल्ह्यातील एका चित्रकाराची ओळख करून देता येते. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूरला झाला. मुंबईत उमेदवारीच्या काळात ते सिनेमाचे प्रचंड फलक रंगवीत. पुढे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते होते, आणि २०११ मध्ये लंडनला निवर्तले. त्यांच्या काही चित्रांवरून मोठे वाद झाले. ते प्राथमिक वर्गात नेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या घोड्यांपैकी एखाद्याची छापील प्रत अवश्य न्यावी. मुले हटकून म्हणतात, “हे तर मलापण येईल.” यावर रागावू नये, कागद द्यावा. मुलांचे घोडे व हुसेनांचा घोडा शेजारी टांगून मग पुन्हा तोच प्रश्न : कोणता घोडा धावतो आहे? कशावरून? मान, छाती, पाय यांच्या रेषा कोठे जाड होतात, कोठे तुटतात, याकडे वर्गाचे लक्ष आपोआप जाते. क्वचित एखाद्या मुलाचा घोडाही खराच धावत असतो. तेव्हा तसे मोकळेपणाने म्हणावे.

ज्या शाळेच्या आसपास वीरगळ नाही तिने निराश होऊ नये. पंढरीच्या विठ्ठलाचे चित्र घरोघर आहे. चेहरा, दागिने, वस्त्र यांपैकी काही न काढता केवळ बाह्याकृती काढावयास सांगावी. तरी ती ओळखू येते. का येते? कमरेवरच्या हातांमुळे दोन्ही बाजूंस ज्या त्रिकोणी मोकळ्या जागा राहतात, त्यांच्यामुळे. आकृतीइतकीच रिकामी जागाही बोलते, हे मोठ्या ग्रंथांतील तत्त्व तिसरीच्या मुलास असे सापडते. आणि सोलापुरी चादर तर अंगावर पांघरलेलीच असते. तिच्यावरील मोराची मान जवळून पाहावयास सांगावी. लांबून वाटोळी दिसणारी ती मान जवळून पायऱ्यापायऱ्यांची आहे, कारण उभा धागा आणि आडवा धागा काटकोनातच भेटतात. त्यांना वाटोळे वळण घेता येत नाही. चादर उलटी केली की रंगांची अदलाबदल झालेली दिसते. कोणत्या वस्तूवर कसे काम करता येते यावर नक्षीचे रूप ठरते, हे विणकराच्या मुलाने वर्गास समजावून द्यावे. ज्या मुलाला वाचनात कोणी पुढे बोलावीत नाही, त्याला त्या दिवशी बोलावता येते.

अवघड प्रश्नही येतात. काही गावांत वीरगळाशेजारी सतीचा दगड असतो : कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला उभा हात. सातवीच्या एका मुलीने मला विचारले, “तिला जायचं होतं का, कशावरून?” माझेच शस्त्र तिने माझ्यावर चालविले होते. दगडावर तिचा हात आहे, मुख नाही. तिची इच्छा दगड सांगत नाही. तो ज्यांनी उभारला त्यांचे म्हणणे तो सांगतो. मी तेवढेच उत्तर दिले, आणि १८२९ मध्ये बंगालमध्ये ही चाल कायद्याने बंद होऊन लवकरच मुंबई इलाख्यातही बंद झाली, हे जोडले. गावच्या लोकांची त्या दगडावर श्रद्धा असते. तिला धक्का लागेल असे शिक्षकाने बोलू नये. पण मुलीचा प्रश्न अवमानकारक ठरवून दडपूही नये.

लेखी कामाविषयी थोडक्यात. निबंध मागू नये. वहीचे पान मधोमध दुमडून डावीकडे ‘दिसले’ आणि उजवीकडे ‘वाटले’ असे लिहून घ्यावे. उजवीकडच्या प्रत्येक ओळीसमोर डावीकडे आधार हवा. ज्या ओळीला आधार नाही ती खोडू नये, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करावे. त्यासोबत दगडाचे रेखाटन असावे, चौकटी मोजून व शक्य तितकी मापे घेऊन. भ्रमणध्वनीने छायाचित्र काढणे सोपे आहे, पण छायाचित्र काढले की मूल पाहणे थांबविते. म्हणून ते शेवटी काढावे. मात्र काढावे. ही सूचना मी अनुभवाने करीत आहे.

ज्या दगडावर त्या मेंढपाळाच्या मुलास गाई दिसल्या, त्याचे छायाचित्र मी काढले नव्हते. दोन वर्षांनी मी त्या गावी गेलो तेव्हा मारुतीच्या देवळापुढे नवा सिमेंटचा कट्टा झाला होता. वीरगळ कोणी फोडला नव्हता, उलट आदराने सरळ उभा करून पक्का बसविला होता; फक्त तळाची चौकट सिमेंटमध्ये गेली होती. मरण आणि गाई, दोन्ही आता जमिनीखाली आहेत. वर अप्सरा आहेत, पूजा आहे, चंद्रसूर्य आहेत. शाळेच्या कपाटात त्या वर्गाच्या वह्या मुख्याध्यापकांनी जपून ठेवल्या होत्या. त्या आम्ही काढून पाहिल्या. सहा मुलांनी तळाची चौकट रेखाटली आहे. चौघांच्या चित्रात तीन गाई आहेत आणि दोघांच्या चित्रात चार. चौथी गाय काढणाऱ्यांत तो मेंढपाळाचा मुलगाही आहे, आणि तिचे शेपूट त्याने तिसरीच्या पाठीमागून निघालेले दाखविले आहे.