भाडे सरकारचे, बेत कोणाचा?

सुधा : नाना, आमच्या कचेरीत ब्लॉकचे शेवटचे वर्ष उजाडले की ज्यांनी आदली तीन वर्षे सहलीचा शब्दही काढलेला नसतो, ते सहकारीसुद्धा एकाएकी अंदमानाच्या गोष्टी करू लागतात. रजा प्रवास सवलतीत एवढी कोणती मोहिनी आहे?

नाना : मोहिनी मुदतीची आहे. केंद्र सरकारच्या १९८८ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये कर्मचाऱ्याला दोनदा स्वग्रामी, किंवा एकदा स्वग्रामी व एकदा भारतात कोठेही, सहकुटुंब जाण्यायेण्याचे भाडे मिळते; आणि जो हक्क ठरावीक तारखेनंतर रद्द होणार, तो गरज असो वा नसो पदरात पाडून घ्यावा, ही मनुष्याची उपजत वृत्ती असल्यामुळे, शरीर विश्रांती मागते आहे की नाही याची विचारपूस न होता संपत आलेला ब्लॉकच सुट्टीचा मुहूर्त काढतो. शिवाय या निमित्ताने दहा दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे रोख हाती येतात, तो मोह निराळाच.

सुधा : पण अंदमानच का? गणपतीपुळ्याला जाण्यासाठी कोणी अर्ज केल्याचे मी ऐकले नाही.

नाना : कसे ऐकशील? सरकार देते ते केवळ भाडे. मुक्काम, भोजन, स्थलदर्शन यांचा भार ज्याचा त्याने वाहायचा. अशा स्थितीत मुंबईच्या माणसाने चार वर्षांतून एकदा लाभणारा हक्क रत्नागिरीच्या तिकिटावर खर्ची घातला, तर शेजारच्या मेजावरचे लोक त्याला वेड्यात काढतील! भाडे मोठे तितकी सवलत मोठी, या हिशेबाने गंतव्यस्थान नकाशाच्या कडेकडे सरकत जाते, आणि तेथे पोहोचल्यावर हॉटेलवाल्याच्या हाती पडणारी रक्कम मात्र जमाखर्चात कोणी धरत नाही. त्यात भर म्हणून ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर, लडाख आणि अंदमान यांच्यासाठी स्वग्रामाची पाळी बदलून घेण्याची, आणि एरवी विमानाचा हक्क नसलेल्यालाही विमानाने जाण्याची मुभा केंद्राने वेळोवेळी मुदत वाढवून दिली. कित्येक कारकुनांच्या घरची मंडळी आयुष्यात प्रथम विमानात बसली ती या मुभेमुळे. सवलतीच्या साऱ्या पसाऱ्यात मला मनापासून आवडणारी गोष्ट हीच.

सुधा : तिकिटेही फार आगाऊ काढतात.

नाना : काढावीच लागतात. विमानाचे तिकीट किमान २१ दिवस आधी आणि सरकारने नेमलेल्या संस्थेकडूनच घ्यावे, अशी सूचना आहे. अंदाजित भाड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तसलमात उचलता येते. परंतु ती उचलल्यावर दहा दिवसांच्या आत तिकिटे खात्यापुढे ठेवावी लागतात, त्यामुळे एकदा रक्कम हाती आली की बेताचा फेरविचार करण्यास फारशी सवड उरत नाही.

सुधा : आणि प्रवासच अशक्य झाला तर?

नाना : तोही प्रसंग येऊन गेला. महामारीच्या काळात, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सरकारने अशी योजना जाहीर केली की भाड्याच्या तिप्पट रकमेच्या, १२ टक्के किंवा त्याहून अधिक जीएसटी असलेल्या वस्तू अथवा सेवा ३१ मार्च २०२१ पर्यंत रोकडीविना खरेदी कराव्यात व भाड्याचे पैसे घरबसल्या घ्यावेत. हजाराच्या लाभासाठी तीन हजार खर्चण्यास माणूस सिद्ध होतो, हे सरकारने किती अचूक ओळखले होते पाहा! सहलीऐवजी दारी शीतकपाट आले.

सुधा : म्हणजे ब्लॉकच्या शेवटच्या डिसेंबरात धावपळ करावी की नाही?

नाना : मुळीच करू नकोस. ब्लॉकमध्ये न घेतलेली सवलत पुढील ब्लॉकच्या पहिल्या वर्षातही घेता येते. २०२२–२५ च्या ब्लॉकमधली तुझी पाळी शिल्लक असेल, तर ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत शाबूत आहे.