कातारी आणि पोकळ भांडं

'कातीव चेहरा' हे शब्द आपण कथा-कादंबऱ्यांत शंभर वेळा वाचतो, पण त्यातलं 'कातीव' कुठून आलं हे मला या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. लाकूड लेथवर फिरवून हत्याराने गोल करणं म्हणजे कातणं, आणि ते काम करणारा तो कातारी. सूत असो की लाकूड, क्रियापद एकच. लाटणं, पाळण्याचे दांडे, भोवरा, सावंतवाडीची खेळणी ही सगळी कातकामं. हा लेख मात्र घरात काडीचाही उपयोग नसलेल्या एका कातकामाबद्दल आहे: अरुंद तोंडाचं, आतून पोकळ, नक्षीच्या लाकडाचं शोभेचं भांडं.

नक्षी म्हणजे वरून कोरलेली नव्हे, ती लाकडातच असते. सरळ वाढलेल्या खोडाचे तंतू सरळ, म्हणून फळीवर नुसत्या रेघा दिसतात. पण बेळक्यात, म्हणजे जिथे खोडाला दोन फांद्या फुटतात तिथे, तंतू एकमेकांत घुसतात आणि कापल्यावर पिसासारखा आकार उमटतो. खोडावरच्या गाठीत ते भोवऱ्यासारखे फिरतात. कुजू लागलेल्या लाकडात तर निरनिराळ्या बुरशा आपापल्या हद्दीवर काळ्या रेषा आखतात. (सीमाभागातल्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको!) अमेरिकेतल्या मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या बापलेकांनी असं कुजकं लाकूड मुद्दाम निवडून त्याची भांडी कातली.

अडचण अशी, की तंतू वाकडे म्हणून नक्षी येते आणि तंतू वाकडे म्हणूनच हत्यार अडकतं, चकती उपटून निघते, वाळताना तडा जातो. जिथे लाकूड देखणं तिथेच ते कच्चं.

त्यात तोंड अरुंद. सरळ हत्यार तोंडातून तळापर्यंत जातं, पण खांद्याच्या आतल्या बाजूला पोचत नाही. डेव्हिड एल्सवर्थ या अमेरिकन काताऱ्याने १९७० च्या दशकात यासाठी टोकाला वाकवलेली हत्यारं तयार केली. पुढे १९८६ मध्ये तिथल्या कातारकाम करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्षही तोच. वाकड्या हत्याराची खोड म्हणजे त्याचं टोक दांड्याच्या रेषेत नसतं, त्यामुळे लाकडाला लागताच ते हातात पिळतं. म्हणून टेकणावर नेहमी हत्याराचा सरळ भाग ठेवायचा, वाकडा भाग आत गेल्याशिवाय कापायला सुरुवात करायची नाही.

हे सगळं वाचून मी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या कातारीमामांकडे गेले. पावसाळ्यात आमच्या चॅपलमागचा फणस पडला होता. सरळ खोडाची बाकं करायचं ठरलं, बेळकं सरपणात जाणार होतं. ते मी मागून घेतलं.

ओलं लाकूड मऊ असल्यामुळे कातायला सोपं. आधी बाहेरचा आकार पूर्ण करायचा. मग मधोमध गिरमिटाने भोक पाडून तळ ठरवायचा, भोकाची खोली म्हणजे थांबायची खूण. त्यानंतर तोंडाकडून तळाकडे थोडं थोडं पोखरत जायचं. लेथ वारंवार बंद करून भुसा काढायचा, नाहीतर तो आत दाटून हत्यार धरतो. वाकवलेल्या तारेने भिंतीची जाडी मोजायची. जाडी सगळीकडे सारखी हवी, कारण पातळ भाग आधी सुकतो आणि आकसतो, जाड भाग तसाच राहतो, आणि त्या ओढाताणीत भांडं फुटतं. तोंडाला मास्क हवाच, बुरशीच्या लाकडाला तर दुप्पट.

मी सारखी वाकून तोंडातून आत बघत होते. दिसत होता फक्त अंधार. मामा म्हणाले, "पोरी, बघू नको, ऐक की." भिंत जाड असते तोवर हत्याराचा आवाज घोगरा असतो. ती पातळ होत जाते तसा आवाज वर चढतो. मला तो फरक कळायला दोन दुपारी लागल्या. कवितेचं वृत्त कानाने ओळखायला शिकताना लागल्या होत्या तितक्याच, खरं तर.

तिसऱ्या दुपारी खांद्यापाशी पिसाची नक्षी उघडी पडली, पिवळीधमक. मला वाटलं, अजून एकच हात फिरवू. आवाज चढला होता, तो मी ऐकलाही होता. पुढच्या क्षणी हत्याराचं टोक भिंतीतून बाहेर आलं आणि नक्षीच्या बरोबर मधोमध रुपयाएवढं भोक पडलं.

मामांनी लेथ बंद केलं, भांडं उतरवलं, भोकातून उजेडाकडे पाहिलं. "जाडी बघ, सगळीकडं सारखी आलीय," एवढंच बोलले. मी रडायच्या बेतात होते. त्यांनी ते भुसा भरलेल्या कागदी पिशवीत ठेवलं, सावकाश वाळावं म्हणून.

महिन्याने काढलं. तोंड गोल होतं ते अंडाकृती झालंय, पिवळा रंग तपकिरीकडे झुकलाय. तडा कुठेही नाही. बेळक्याचा दुसरा अर्धा भाग अजून मामांच्या शेडमध्ये ओल्या पोत्याखाली आहे, परीक्षा झाली की त्याला हात लावणार आहे.