शेंदलेल्या पाण्याचा हिशेब

रात्रीच्या वर्गात एक दादा बोलून गेले, "आम्ही दिवसभर शेतात राबतो. बायकांना घरी काय काम?"

आत्याबाईंनी पाटी खाली ठेवली. "गुरुजी, पाणी शेंदणं हे काम की नव्हं?"

"मोजूनच बघू या," गुरुजी म्हणाले.

वस्तूवर जोर लावला आणि ती त्या जोराच्या दिशेने सरकली, तर शास्त्र म्हणते काम झाले. जोर गुणिले अंतर, म्हणजे काम. जोर न्यूटनमध्ये मोजतात, अंतर मीटरमध्ये आणि काम ज्यूलमध्ये. ज्यूल हे एका इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव. तो १८१८ साली जन्मला.

आत्याबाईंच्या पोहऱ्यात १० लिटर पाणी मावते. त्याचे वजन १० किलो. एक किलो वजन वर उचलायला सुमारे १० न्यूटन जोर लागतो. (नेमका आकडा ९.८ आहे. सोपे म्हणून १० धरू. पोहऱ्याचे आणि दोराचे वजनही सोडून देऊ.) म्हणजे जोर १०० न्यूटन. पाणी १२ मीटर खोल.

१०० × १२ = १,२०० ज्यूल.

रोजचे ४० पोहरे. म्हणजे ४८,००० ज्यूल!

"पण रहाट आहे की," दादा म्हणाले. "त्यानं काम कमी होत असेल."

नाही. एका चाकाचा रहाट फक्त दिशा बदलतो. दोर खाली ओढायचा, त्यामुळे अंगाचा भार कामी येतो आणि सोपे वाटते. ज्यूल तितकेच.

"अन् डोईवर घागर घेऊन सपाट वाटेनं घरी येते, त्याचं किती?"

"शून्य."

आत्याबाई रागावल्या. "मान मोडते, अन् शून्य?"

गुरुजींनी समजावले. घागर पेलायला जोर वरच्या दिशेने लागतो. घागर जाते पुढे. ती वर चढत नाही, म्हणून त्या जोराचे काम शून्य. भार पेलताना अंगातली शक्ती खर्च होते, माणूस थकतो, हे खरेच. पण ती शक्ती घागरीला मिळत नाही.

"म्हणजे हा माझ्या कष्टाचा हिशेब नव्हंच."

"नव्हे. पाणी वर आणले, तेवढ्याचाच."

एक हॉर्सपॉवरची मोटर सेकंदाला सुमारे ७४६ ज्यूल काम करते. ४० पोहऱ्यांचे काम तिला मिनिटाभराचे. पंपात काही शक्ती वाया जाते, तेव्हा दोन-तीन मिनिटे धरा.

"मला तास लागतो," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दादांकडे पाहिले.

पाटीवर मांडा : पाणी १८ मीटर खोल गेले, तर एका पोहऱ्याला किती ज्यूल? तुमच्या घरी रोज किती पोहरे लागतात? ते कोण शेंदते?