बदलीवाले आणि राहणारे

मी घाटावरचा. पोलीस खात्यातल्या बदल्यांनी मला हळूहळू खाली उतरवलं आणि नोकरीचा शेवटचा टप्पा मालवणच्या किनाऱ्यावर गेला. ठाणं कुठलंही असो, माणसं कमी असल्याचं रडगाणं सगळीकडे सारखंच. मग आम्ही वर्दीबाहेरची माणसं हाताशी धरतो. त्यांना कामाला लावायला मी चटकन शिकलो. त्या कामाची किंमत कोण मोजतं हे कळायला मात्र बराच वेळ लागला.

१. पोलीस पाटील पोलिसांचा नसतो. वतनी पाटीलकी गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानं नेमणुकीचा पोलीस पाटील आणला, हे मी परीक्षेला पाठ केलं होतं. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात, हेही ठाऊक होतं. तरी पहिल्या पावसाळ्यात एका पाटलांना मी शिपायाला द्यावा तसा निरोप धाडला : ताबडतोब हजर व्हा. उलट निरोप आला, "लावणी आटपली की येतंय म्हणान सांग सायबांका." आवाजात उद्धटपणा नाही, घाईही नाही. आले ते चिखलाचे पाय धुऊन, दुसऱ्या दिवशी. ज्या बांधाच्या भांडणासाठी मी त्यांना बोलावलं होतं, ते तोवर मिटलं होतं. दोन्ही घरच्या कर्त्यांना त्यांनी ग्रामदेवतेसमोर उभं केलं, गाऱ्हाणं घातलं आणि काजूचं झाड कुणाचं ते ठरवून टाकलं. मी तयार ठेवलेली चॅप्टर केसची, म्हणजे प्रतिबंधक कारवाईची, नोटीस खणातच राहिली. एवढं सगळं करून सही कुठे करायची, एवढंच त्यांनी मला विचारलं.

२. समुद्राकडे बघायला मला येत नव्हतं. सिंधुदुर्गाची किनारपट्टी सुमारे १२१ किलोमीटरची. तिच्यावर लक्ष ठेवायचं तर दुर्बिणीपेक्षा मच्छीमाराचे डोळे बरे, हे राज्याला फार महागात पडून कळलं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. २००८ साली दहशतवादी 'कुबेर' नावाची मासेमारी बोट बळकावून मुंबईपर्यंत आले. कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरल्यावर त्यांना आधी हटकलं ते तिथल्या कोळ्यांनीच. गावोगावची सागर रक्षक दलं, मासेमारांची ओळखपत्रं, १०९३ हा मदतीचा क्रमांक, या सगळ्याच्या मागे हा इतिहास आहे.

दरवर्षीच्या 'सागर कवच' सरावात आमचीच काही माणसं घुसखोर बनून किनाऱ्याला लागायचा प्रयत्न करतात. एकदा त्यांनी वेष छान केला होता. लुंग्या, टोप्या, होडीत जाळं, सगळं जागच्या जागी. नाकाबंदीवरच्या आमच्या माणसांना काही वावगं दिसलं नाही. मासळीच्या लिलावाला बसलेल्या एका म्हातारीनं मात्र बसल्या जागेवरून विचारलं, "ह्यांचा जाळा सुका कित्याक?" खेळ तिथेच संपला. माझ्या अहवालात तिच्याविषयी 'स्थानिक नागरिकांच्या सतर्कतेमुळे' एवढंच आलं. अहवालाची भाषा तशीच असते.

३. होमगार्ड म्हणजे बंदोबस्तातली भरती, असं आम्ही धरून चालतो. हे दल पोलिसांच्या मदतीसाठी १९४६ साली मुंबईत उभं राहिलं. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा किंवा गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर लोटणारे चाकरमानी, यांच्या वेळी त्यांच्याशिवाय पान हलत नाही. एकजण एरवी रिक्षा चालवायचा. वाहतूक अडली की मी शिट्टी फुंकायचो, तो ड्रायव्हरांना नावानं हाक मारायचा. गाड्या त्याच्या हाकेला हलायच्या. त्याला पैसे मिळत ते फक्त कामाच्या दिवसांचे. २०२४ मध्ये दिवसाचा भत्ता १,०८३ रुपये झाला, तो त्याच्या वाट्याला आला का, ठाऊक नाही.

४. तीन स्टारचा रुबाब लिपिकाच्या टेबलापर्यंतच टिकतो. अधीक्षक कार्यालयातले लिपिक बिनवर्दीचे, पण माझी वेतनवाढ, वैद्यकीय बिलं, रजेचा हिशेब आणि निवृत्तिवेतनाचे कागद सगळे त्यांच्या हातात. जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला गेलो की दारातला शिपाई सलाम ठोकायचा आणि आतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "साहेब, सेवापुस्तकातल्या अमुक पानावर सही राहिलीय." मी निमूटपणे सही करायचो. मी कुठल्या साली कुठे होतो हे माझ्या बायकोपेक्षा त्यांना जास्त नेमकं सांगता यायचं.

गंमत अशी, की ठाण्यात मात्र कारकुनी पोलीसच करतो. बारनिशी सांभाळणारा पोलीस, मुद्देमाल कारकून पोलीस, संगणकावर गुन्ह्यांची नोंद टाकणाराही पोलीस. मैदानावर धावून, गोळी चालवायला शिकून भरती झालेला तरुण पुढची कित्येक वर्षं आवक-जावक क्रमांक घालत बसतो. इंग्लंडात फोन घेणं, नोंदी ठेवणं अशी कामं बरीचशी बिनवर्दीचे कर्मचारी करतात. आपल्याकडे तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण माणसं घ्यायची तर कायमची घ्यावीत. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान अकरा महिन्यांसाठी घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा मुद्देमालाची खोली आली. कुठल्या खटल्याचा कोयता कुठल्या पोत्यात आहे, हे अकरा महिन्यांत कुणाच्या अंगवळणी पडत नाही.

५. ही माणसं आपल्याला स्वतःची पत देतात, आणि आपण ती बिनहिशेबी खर्च करतो. हे शिकवलं २०२० सालानं. टाळेबंदीत मुंबईहून येणाऱ्यांना विलगीकरणात ठेवायचं होतं. आदेश वरून आले, जीप आमची फिरली. पण प्रत्यक्ष दारात जाऊन 'तुम्ही शाळेत राहायचं' हे सांगायचं काम सरपंच आणि पोलीस पाटलांवर पडलं. ज्यांना सांगायचं ते कोण? परळ-लालबागला राहणारे चुलते, भाचे, भावकी. एका पाटलांनी स्वतःच्या सख्ख्या भावाला वेशीवरूनच शाळेकडे वळवलं. त्या वर्षीच्या गणपतीत भावाकडून कुणी आरतीला फिरकलं नाही. मी त्यांची पाठ थोपटायला गेलो, तर ते मला चहा देत म्हणाले, "तुमका काय, बदली झाली की गेलास. आमका हयच रवाचा हा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. २०२४ मध्ये पोलीस पाटलांचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेलं. चांगलंच झालं. पण आरतीला न आलेला भाऊ कुठल्या हिशेबात धरायचा? त्या चहानंतर मी एक केलं : गावात कुणाला उचलायला जायचं असेल तर पाटलांना जीपमध्ये पुढे बसवणं बंद केलं. त्यांनी घर नुसतं दाखवलं तरी पुढची वीस वर्षं ते घर त्यांना विसरत नाही.

६. आता मी निवृत्त आहे आणि इथेच घर केलंय. घाटावर परत जायचा बेत बायकोनं सुरमईच्या नावाखाली मोडला. मध्यंतरी ठाण्यातला एक तरुण फौजदार आला. शेजारच्या वाडीत चोरी झाली होती, पंच हवा होता. "सर, तुमच्याइतका अनुभवी पंच कुठे मिळणार?" हेच वाक्य, याच लाडिक आवाजात, मी कितीजणांना ऐकवलं असेल! मी म्हटलं, गुडघे दुखतात. मग म्हटलं, कोर्टाच्या तारखांना जमणार नाही. शेवटी खरं ते सांगितलं : ज्याच्यावर संशय आहे तो आमच्या माडांचे नारळ पाडतो, आणि दुसरा पाडेकरी या भागात मिळत नाही. फौजदार हसला आणि वहीत माझं नाव लिहू लागला.